बसवून ठेवलेली आई

आई गेल्याचं मला कुणी कळवलं नाही, मीच ते सगळ्यांना कळवलं. दवाखान्याच्या जिन्याखाली उभी राहून आधी पुण्याला दादाला फोन केला, मग नागपूरच्या मावशीला, मग ऑफिसात... प्रत्येकानं विचारलं, काय झालं होतं? आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर देत गेले, की वय झालं होतं, एक्याऐंशी पूर्ण झाली होती, छातीत कफ साठला आणि नऊ दिवसांत गेली. लोक म्हणाले, सुटली बिचारी. तू मात्र खूप केलंस तिचं. तेराव्याला आलेल्यांनीही हेच म्हटलं. जबलपूरच्या आमच्या लहानशा मराठी समाजात तर मुलगी असावी तर अशी, असं माझं उदाहरण देतात म्हणे. आता सात आठवडे झाले. ते उत्तर अगदी खोटं नव्हतं, पण मी त्यातलं अर्धंच सांगितलं होतं. माझी आई चालायची थांबली, म्हणून गेली. आणि ती आपणहून थांबलेली नव्हती. आई जाण्याआधीच्या वर्षात आमच्या घरात काय झालं ते एकदा सरळ सांगावं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आईला, इंदुमतीबाईंना, ज्यांनी पूर्वी पाहिलं आहे त्यांना ती चालतानाच आठवेल. बाबा फॅक्टरीत होते आणि आम्ही दीक्षितपुऱ्यात भाड्यानं राहायचो. रोज संध्याकाळी ती कमानिया गेटकडे भाजीला पायी निघायची आणि तिच्या एका हाताला मी लोंबकळत असायचे. तिच्या चालीनं चालणं मला कधीच जमलं नाही. ‘पाय काहून ओढून राहिली? उचलून टाक ना,’ हे मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आजही रस्त्यात माझी चप्पल घासली की दचकते. रिक्षात बसणं तिला आजारी माणसांचं काम वाटायचं. पुढे जबलपूरच्याच गोरखपूर भागात आमचं स्वतःचं लहानसं घर झालं. दादा पुण्याला स्थायिक झाला, बाबा वारले, मी लग्न केलं नव्हतं, आणि केंद्र सरकारच्या एका ऑफिसातली माझी नोकरी याच गावात होती, त्यामुळे घरात आम्ही दोघीच उरलो. पंचाहत्तरीनंतरही ती बाजारातून एका वेळी एकच भाजी आणायची. सगळी एकदम का आणत नाहीस, असं विचारलं तर म्हणायची, मग उद्या कशाला जाऊ? जमिनीवर बसून भाजी निवडायची आणि हात न टेकता उठायची. भजनाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या जणी आधी खुर्च्या शोधायच्या, तेव्हा ही मुद्दाम त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसायची आणि गालातल्या गालात हसायची. व्यायाम हा शब्द मात्र तिनं उभ्या जन्मात कधी वापरला नसेल.

मागच्या वर्षी थंडी संपता संपता ती पडली. अंगण नुकतं धुतलं होतं, ओल्या पायरीवरून चप्पल सरकली. मी आत डबा भरत होते. आवाज ऐकून धावले तर ती कुशीवर पडलेली होती आणि उजवा पाय भलत्याच बाजूला वळलेला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तिला उभं करायला सांगितलं, तेव्हा तो माणूस मला निर्दय वाटला. आई दोघांच्या आधारानं उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता, पण खाली बसायला सांगितलं तर म्हणाली, थांबा थोडं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ‘हड्डी हमने जोड़ दी,’ ते म्हणाले, ‘अब इनको चलाना आपका काम है. डर के मारे लिटाकर मत रखना.’ मी मान हलवली. ते वाक्य तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट दहा-बारा दिवस घरी आला. पडल्या पडल्या घोटे वर-खाली करायचे, टाच गादीवर सरकवत गुडघा जवळ घ्यायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, मग खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, आणि वॉकर धरून रोज चार पावलं वाढवायची. सगळं चित्रं काढून एका कागदावर दिलं होतं. मी दिवसभर ऑफिसात, म्हणून नऊ ते सहा सियाबाई ठेवली. पंचेचाळिशीची, दमोहकडची, अंगानं काटकुळी पण हातात जोर असलेली बाई. आईला ती पहिल्या दिवसापासून अम्मा म्हणायला लागली. उन्हाळा सुरू झाला तोवर आई वॉकरनं न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली होती.

एका संध्याकाळी मला ऑफिसातून यायला अर्धा तास उशीर झाला. सियाबाई सहाला निघून गेली होती. घरात शिरले तर पलंग रिकामा. आई न्हाणीघरात होती. वॉकर दारात आडवा अडकला होता आणि ती दोन्ही हातांनी नळ धरून उभी होती. गुडघे थरथरत होते. किती वेळ झाला, विचारलं तर आत्ताच आले म्हणाली. पण तिला पलंगावर आणून बसवल्यावर पाहिलं, तळहातांवर नळाचे खोल वळ उमटले होते... त्या दिवशी मी ठरवलं की बास. वॉकर माळ्यावर टाकला, पलंगाशेजारी खुर्चीचा कमोड आणून ठेवला, व्यायामाचा कागद दवाखान्याच्या फायलीत लावला. सियाबाईला बजावलं की अम्मांना पलंग आणि खुर्ची यापलीकडे हलू द्यायचं नाही. ती मान डोलावून हओ म्हणाली. दादानंही फोनवर माझीच री ओढली. पुन्हा पडली तर परत ऑपरेशन होण्याचं वय नाही, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगत राहिलो. मला भीती वाटत होती हे खरंच आहे. पण नुसती भीती नव्हती, त्यात सोयही होती, हे आता कबूल करते. आई एका जागी बसलेली आहे, हे माहीत असलं की ऑफिसात माझं लक्ष लागायचं.

पहिले आठ-पंधरा दिवस आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवण अर्धं टाकायची. मग हळूहळू बदल दिसायला लागला. भूक वाढली, संध्याकाळी मी आले की ऑफिसात काय झालं ते खोदून खोदून विचारायची, पायांवरची सूज उतरली. एकदा तर मला म्हणाली, तू जाडी होऊन राहिली, जरा बाजारात पायी जात जा. मी शेजारणींना सांगायचे, बघा, आराम मिळाला की माणूस कसं सुधारतं. तिच्या दुधात मी एक पावडर घालायचे, त्या पावडरीचंही मी कौतुक केलं. सगळा पावसाळा असा बरा गेला.

गणपतीच्या सुमारास एके दिवशी ऑफिसात दुपारीच वीज गेली, ती येण्याचं चिन्ह दिसेना, तेव्हा आम्हांला घरी सोडलं. मी माझ्या किल्लीनं दार उघडलं. स्वयंपाकघरातून भाजलेल्या बेसनाचा वास येत होता. पलंग रिकामा होता. आत डोकावले तर आई गॅसपाशी उभी. डावा हात ओट्यावर, उजव्या हातात उलथनं, कढईत बेसन. जवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिची पाठ धरून ती इथवर आली असावी. सियाबाई तिच्या मागे, दोन्ही हात आईच्या कमरेपाशी धरून, पण न टेकवता, नुसती तयारीत उभी. आई तिला काहीतरी सांगत होती आणि सियाबाई हसत होती. कितीतरी महिन्यांनी मी आईची उभी पाठ पाहत होते. ती सरळ होती. हे मला दिसलं, नीट दिसलं, आणि तरीही मी ओरडले.

माझ्या आवाजानं आई दचकली. उलथनं खाली पडलं, तिचा तोल गेला आणि सियाबाईनं तिला पोटाशी घट्ट धरलं. कोपर ओट्याला आपटून खरचटलं, तेवढंच. मी नसते ओरडले तर तेही झालं नसतं. पण त्या खरचटण्याकडे बोट दाखवूनच मी सियाबाईला काय वाटेल ते बोलले. तीन महिने दोघी रोज दुपारी, माझ्यामागे, हे करत होत्या, असं आईच्या बोलण्यातून कळलं. पलंग ते स्वयंपाकघर. सियाबाईनं एकदाही अम्मांनी सांगितलं म्हणून, असं म्हटलं नाही. नजर खाली घालून ऐकत राहिली. आज विचार करते तेव्हा वाटतं, मला राग आई पडेल या भीतीपोटी आलाच नव्हता. माझ्या घरात माझ्यापासून लपवून दोघी सुखात होत्या, त्याचा आला होता. मी तिला त्याच दुपारी कामावरून काढलं.

‘तिला काढू नको,’ आई पलंगावर बसून म्हणाली. ‘मीच करायला लावून राहिले होते.’

मी म्हटलं, तुला पुन्हा पडायचं आहे का?

आईनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘मी पडेन ही भीती तुला आहे, नंदा. मला उठताच येणार नाही, ही भीती मला आहे. दोन्हींतली कोणती खरी, ते तू ठरवून राहिली.’

कढईतलं बेसन करपलं होतं, मी कढई घासायला गेले.

दुसरी बाई आली ती आज्ञाधारक होती. दिवसभर खुर्चीत बसून मोबाइल पाहायची, आईनं पाय खाली सोडले की उचलून वर ठेवायची. दीदी ने मना किया है, एवढंच एक वाक्य तिला यायचं. आईनं दोन-तीनदा तिला विचारून पाहिलं, मग विचारणं सोडलं. मला वाटलं, समजली. दिवाळीपर्यंत तिला पलंगावरून कमोडवर जायला दोन माणसं लागायला लागली. मग गुडघे सरळ होईनात. मग ती कुशीवर वळायलाही मला हाक मारायला लागली, आणि एक दिवस हाक मारणंही थांबलं. कमरेखाली एक लाल चट्टा उठला, त्याची जखम झाली. मी मलम लावायचे, हवेची गादी आणली, दर दोन तासांनी कूस बदलायचे, पुण्याहून दादा कुणाबरोबर तरी महागडी औषधं पाठवायचा... सगळे म्हणायचे, किती करते ही. आणि मी खरंच करत होते. तिला जे एक हवं होतं तेवढं सोडून सगळं.

शेवटी घाबरून मी पुन्हा फिजिओथेरपीसाठी माणूस बोलावला. या वेळी एक मध्यमवयीन बाई आल्या. त्यांनी आईचा गुडघा हळूच सरळ करायला घेतला, तेव्हा आईनं जो आवाज काढला तो मी लिहू शकत नाही. बाईंनी पाय खाली ठेवला आणि मला विचारलं, ‘इनको खड़ा करना कब से बंद है?’ मी म्हटलं, मध्ये तब्येत बिघडली होती. खोटं बोलले. आई माझ्याकडे पाहत होती. ती काहीच बोलली नाही, तिनं मला सांभाळून घेतलं. बाई म्हणाल्या, या वयात महिनाभर पडून राहिलं तर पायातलं जे बळ जातं, ते परत आणायला कितीतरी महिने लागतात, आणि कधीकधी ते येतच नाही. मग त्या रोज यायच्या. आईला पलंगाच्या काठावर पाय सोडून बसवायच्या. तिचा श्वास लागायचा, कपाळावर घाम यायचा, पण आई पुरे म्हणायची नाही. डोळे मिटून घोटे हलवायचा प्रयत्न करायची. घोटा हलायचा नाही, पायाची बोटं तेवढी थरथरायची... एकदा आम्ही दोघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. ती उभी नव्हती, आम्ही तिला लटकवलं होतं. तरी तिनं मान वर केली आणि खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. त्यानंतर चारच दिवसांनी ताप आला, छाती भरली, आणि संक्रांतीच्या आधी ती दवाखान्यात गेली ती परत आली नाही.

शेवटच्या दिवसांत ती बोलत नव्हती. मी उशाशी बसून तिचे पाय चोळायचे. किती बारीक झाले होते ते पाय! दीक्षितपुऱ्यातून कमानिया गेटला माझ्यापुढे धावणारे हेच का, असं मनात यायचं. आठव्या दिवशी मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, आई, माझं चुकलं. तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. तिच्या तोंडावर मास्क होता. मला माफ केलंस का, असं विचारायचं धैर्य मला झालं नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी सियाबाई आली. कुणाकडून तरी तिला कळलं होतं. आत येऊन पलंगापासून दूर, दारापाशी जमिनीवर बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. मी तिच्यासमोर बसले. तिनं माझ्यावर रागवावं असं मला वाटत होतं, पण ती रागावली नाही. मी विचारलं, आईला स्वयंपाकघरापर्यंत जाऊन काय करायचं होतं? बेसन भाजायला? सियाबाई नाही म्हणाल्यासारखी मान हलवत राहिली. मग म्हणाली, ‘अम्मा को चौके में नहीं जाना था, दीदी. वो तो पाँव पक्के करने को जाती थीं. उनको बस लैट्रिन तक खुद जाना था. कहती थीं, नंदा दिन भर दफ़्तर में खटती है और घर आकर मेरा मैला उठाती है, मुझे सरम लगती है.’

मी तिच्यासमोर रडले नाही. ती गेल्यावर कमोडची खुर्ची उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवली. पाणी टाकून धुतली, पुन्हा धुतली... ती अजून तिथेच आहे. कुणाला द्यावी तर देववत नाही.

गेल्या आठवड्यात सियाबाईला आईची दोन लुगडी द्यायला म्हणून ती आता जिथे कामाला जाते त्या घरी गेले. गोरखपूर बाजाराच्या मागच्या गल्लीतलं घर. फाटक उघडंच होतं. आत अंगणात ती एका वृद्ध गृहस्थांना चालवत होती, पायजमा, स्वेटर, हातात वॉकर. निवृत्त हेडमास्तर आहेत, बिलासपूरकडचे, घरात मराठीचा गंध नाही, असं तिनं मागे सांगितलं होतं. सियाबाईचे दोन्ही हात त्यांच्या कमरेपाशी, न टेकवता. तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती मोठ्यानं मोजत होती. एक, दोन, तीन, चार... मी फाटकाशीच थांबले. हेडमास्तरही तिच्याबरोबर पुटपुटत होते. अकरा, बारा, तेरा. उच्चार जबलपुरी हिंदीचे, पण आकडे मराठी. एकोणीसला दोघंही अडखळले, आणि पुढे गेले. चोवीस. पंचवीस. आणि मग सियाबाईनं पुन्हा एकपासून सुरुवात केली. अंगण अजून बरंच उरलं होतं.

त्यांना खुर्चीत बसवून ती माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, हे मोजणं कुठून आलं? तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. अम्मा मराठीतच मोजायच्या ना, म्हणाली. दर आठवड्याला एक-दोन आकडे शिकवायच्या, जितकी पावलं वाढतील तितके. दुपारभर दोघी मोठ्यानं मोजायच्या. मी आमच्या घरात तीस वर्षं राहिले आहे, पण हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. मी तेव्हा ऑफिसात असायचे.

‘पंचवीसच्या पुढे का नाही मोजत?’ मी विचारलं.

‘उसके आगे की नहीं आती, दीदी,’ ती म्हणाली. ‘पच्चीस पे ही तो आप आ गई थीं.’

तिनं हे लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. लुगडी घेतली, कपाळाला लावली, आणि हेडमास्तर हाक मारत होते म्हणून घाईनं वळली. त्यांनी वॉकर पुढे ओढून घेतला होता, उठायचा प्रयत्न चालला होता. सियाबाई मागे जाऊन उभी राहिली. ते उठले, आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून चालायला लागले.